इंजिनावरच्या अक्षता

माझ्या लाडक्या बाळांनो,

गेल्या रविवारी फोनवर तुम्ही दोघं गाडीबद्दल बोलत होता. आजोबांनी गाडी थोरल्याच्या नावावर करायचं ठरवलं आहे, आणि तो पुढच्या सुट्टीत येऊन ती स्वतः चालवणार आहे. तेव्हा धाकटी म्हणाली, "दादा, आधी पुण्यात कुणाला तरी नीट दाखवून घे. त्या सांगलीच्या मिस्त्रीणबाईंनी पॅकिंग चुकवलं होतं ना?" आणि दादा म्हणाला, "हो, तिच्याकडे नकोच न्यायला." तुम्ही हसलात. आजोबाही हसले. मी फोनचा कॅमेरा आजोबांकडे करून धरून बसले होते, त्यामुळे माझा चेहरा तुम्हाला दिसला नाही.

इंजिनाच्या दोन भागांमध्ये बसवतात ते पॅकिंग चुकलं नव्हतं. चूक माझी होती, आणि तीन वर्षं ती दुसऱ्या बाईच्या नावावर चालली आहे. इंजिनाच्या पूजेचा फोटो तुम्ही मागितला होता. तो फोनमधून पुसला गेला असं मी सांगितलं. तेही खोटं होतं. आता गाडी तुमच्याकडे येते आहे, तर तिची खरी हकीकत तिच्यासोबत यायला हवी. म्हणून हे लिहायला बसले. शाळेत मी इतकी वर्षं मुलींना सांगत आले की जे घडलं ते क्रमाने लिहा आणि स्वतःची बाजू शेवटी मांडा. तसंच करण्याचा प्रयत्न करते.

गाडी घेतली त्या वर्षी थोरल्याचा जन्म झाला. म्हणजे तू आणि गाडी एका वयाचे. आजोबा नुकतेच लष्करातून निवृत्त झाले होते. मला वाटलं होतं, आता दोघं मिळून फिरू, बाग करू. त्यांनी लाल रंगाची, चार दारांची, परदेशी कंपनीची गाडी आणली. दिसायला साधी, एखाद्या बँक मॅनेजरला शोभेल अशी. पण तिच्या पोटात टर्बोचं इंजिन होतं, आणि पाय दाबला की पाठ सीटला चिकटायची. अशी इंजिनं शर्यतीच्या गाड्यांना लावतात, हे त्यांनी मला पहिल्या दिवशी तीनदा सांगितलं.

दर रविवारी सकाळी ते तिच्या चारही चाकांतली हवा मोजायचे. माझ्या रक्तदाबाची गोळी सुरू होऊन सहा वर्षं झाली; त्यांनी एकदाही विचारलं नाही की किती आहे. मी हे एकदा बोलून दाखवलं. ते म्हणाले, "तुला सांगता येतं. तिला सांगता येत नाही." तुम्ही हे वाचून हसाल. मीही हसले होते. पण मनात ठेवलं.

मी गाडीची वही ठेवत होते. किती किलोमीटर झाले, तेल कधी बदललं, कुठला टायर कधी फिरवला, सगळं त्यात तारखेनिशी आहे. दोन लाख नव्वद हजार किलोमीटरपर्यंतचं एकही पान रिकामं नाही. त्यांना वाटायचं, शिक्षिकेची सवय आहे. खरं म्हणजे गाडीशी माझं नातं असावं म्हणून मी ती ठेवत होते. नाहीतर त्या दोघांत मला जागा कुठे होती?

एक दिवस साताऱ्याजवळ यवतेश्वरचा घाट चढताना मला आवाज आला. तिसऱ्या गिअरमध्ये, पाय थोडा हलका केला की आतून टकटक. माझे वडील कोयनेच्या धरणावर नोकरीला होते, आणि माझं बालपण तिथल्या वसाहतीत गेलं, हे तुम्हाला ठाऊक आहे. तिथे भूकंपाचे लहान हादरे सारखे व्हायचे. फडताळातल्या कपबश्या किती आणि कशा वाजतात, यावरून आई आम्हाला बाहेर पळायला सांगायची किंवा नुसतं "बसा" म्हणायची. त्या घरात वाढलेल्या माणसाचे कान तयार होतात. मी म्हटलं, "इंजिनात काहीतरी सैल झालं आहे." ते म्हणाले, "तुझे कान. खिडकी वाजते आहे." मी वहीत लिहिलं. पुढच्या सहा महिन्यांत चार वेळा सांगितलं, चार वेळा लिहिलं. चारही वेळा खिडकीच वाजत होती.

त्याच सुमाराला डोळ्यांच्या डॉक्टरांनी आजोबांना काचबिंदू आहे असं सांगितलं. समोरचं दिसत राहील, बाजूचं हळूहळू कमी होत जाईल. "वर्षभर चालवा गाडी," डॉक्टर म्हणाले, "मग किल्ली दुसऱ्याकडे द्या."  घरी आल्यावर जेवताना आजोबा म्हणाले, "एकदा कोयनेला जाऊ. पाटणवरून वर, थेट कुंभार्लीच्या घाटमाथ्यापर्यंत. मग किल्ली तुझी."

आणि पंधरा दिवसांनी, कऱ्हाडहून परत येताना, उंब्रजजवळ इंजिनाने हातोडी मारल्यासारखा आवाज करायला सुरुवात केली. त्यांनी लगेच किल्ली बंद केली. मी म्हणाले नाही की मी सांगितलं होतं. फक्त वही उघडली आणि लिहिलं. त्यांनी पाहिलं.

साताऱ्यात कुणी हात लावायला तयार होईना. एकाने सांगितलं, इतकी चाललेली गाडी आता भंगारात द्या. हे ऐकून आजोबा दोन दिवस जेवले नाहीत म्हटलं तरी चालेल. शेवटी त्यांच्या पलटणीतल्या एका जुन्या मित्राने सांगितलं की सांगलीला मिरज रस्त्यावर एक बाई आहे. अशा गाड्यांचं इंजिन तिच्याइतकं कुणाला कळत नाही. सगळे तिला मिस्त्रीणबाई म्हणतात. टोइंगच्या गाडीवर चढवून आम्ही लाल गाडी सांगलीला नेली.

मी मनात एक धिप्पाड, दणकट बाई धरली होती. ती निघाली चाळिशीची, सडपातळ, साडीवर खाकी डगला घातलेली. माहेर आटपाडीचं, घरात पूर्वी मेंढरं होती. वडिलांनी मेंढरं विकून सांगलीला गॅरेज टाकलं आणि तिला लहानपणापासून हाताशी घेतलं. गॅरेजला पत्र्याचं छप्पर होतं, पण फरशी माझ्या स्वयंपाकघरासारखी. भिंतीवरच्या फळीवर प्रत्येक पान्याची आकृती रंगवलेली, म्हणजे कुठला पाना जागेवर नाही ते लांबूनच कळावं. मी चूक शोधत होते. मिळाली नाही, आणि त्याचाच मला राग आला.

तिने दहा सेकंद इंजिन चालू करायला लावलं. एक लांब स्क्रू-ड्रायव्हर घेतला, टोक इंजिनावर टेकवलं, मूठ कानाला लावली आणि डोळे मिटले.

"बंद करा," ती म्हणाली. "तीन नंबरचं बेअरिंग गेलंय. आज न्हाई गेलं. सा म्हैनं तरी वाजत आसंल."

"बरोबर," आजोबा म्हणाले.

बरोबर! सहा महिने मी तेच सांगत होते, तारखेसकट. माझी खिडकी होती, तिचं बेअरिंग झालं.

पण खरी गोष्ट पुढे आहे. ते तिच्याशी बोलायला लागले तेव्हा मी चमकून पाहिलं. "काय करायचं गं पोरी आता? हिला सोडवत न्हाई बग." तुमचे आजोबा मेढ्याजवळच्या एका डोंगरी गावचे. लग्न झालं तेव्हा ते असंच बोलायचे, हाय, न्हाई, कवा, तवा. मी पुढे पाचगणीच्या इंग्रजी शाळेत, वसतिगृहात राहून शिकलेली. अधिकाऱ्यांच्या घरी जायचं असायचं, म्हणून पहिल्या दोन वर्षांत मी त्यांचा शब्द न् शब्द सुधारला. त्यांनी निमूटपणे सुधारू दिला. चाळीस वर्षं ते माझ्याशी पुस्तकातलं मराठी बोलत आले. आणि इथे, तेलाच्या वासात, एका परक्या बाईसमोर त्यांची स्वतःची भाषा त्यांच्या तोंडून सहज बाहेर आली. ते हसत होते. मी त्यांना तसं हसताना कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं.

ती त्यांना पहिल्याच दिवशी अण्णा म्हणाली. मला म्हणाली बाईसाहेब.

इंजिन दुरुस्त होण्यापलीकडे गेलं होतं. पुण्यात अपघातात मोडलेली तशीच एक गाडी होती. तिचं इंजिन कमी चाललेलं, आणि थोड्या मोठ्या टर्बोचं. ते आणायचं, उघडून साफ करायचं, नवी बेअरिंगं घालायची आणि आपल्या गाडीत बसवायचं, असं ठरलं. मला मोठा टर्बो नको होता. मी म्हटलं, "या वयात जास्त ताकद कशाला?" आजोबा म्हणाले, "ती म्हणते, घाटाला बरं पडेल." त्यानंतरचे तीन महिने आमच्या घरात हेच वाक्य होतं. ती म्हणते तेल अमुक घालायचं. ती म्हणते जुनं इंजिन भंगारात देऊ नका, आठवण म्हणून ठेवा. एकदा भाजीत मीठ कमी पडलं तेव्हा मी विचारलं, "ती काय म्हणते?" ते उठून बाहेर गेले.

परिवहन कार्यालयात इंजिनाचा नवा नंबर मंजूर करून घ्यायचा असतो. ते अर्ज, ती पत्रं मी लिहिली. तेवढं काम माझ्याकडे आलं.

इंजिन बसवायचा दिवस शुक्रवार होता. आम्ही आदल्या दिवशीच सांगलीला जाऊन विश्रामबागेत आजोबांच्या बहिणीकडे उतरलो. सकाळी गॅरेजमध्ये गेलो तर नवं इंजिन साखळीने उचलून लोखंडी घोडीवर, म्हणजे स्टँडवर, ठेवलेलं. घासूनपुसून चांदीसारखं. गाडीत उतरवण्याआधी इंजिनाला हळदकुंकू लावायचं, नारळ फोडायचा, अशी तिच्या गॅरेजची रीत. ताट तिनेच तयार केलं होतं. आजोबा टोपी घालून हात जोडून उभे होते, आणि ती ताट घेऊन त्यांच्या शेजारी, उजव्या बाजूला, उभी राहिली.

उजवी बाजू कुणाची असते हे तुम्हाला ठाऊक नसेल. पूजेला नवरा-बायको बसतात तेव्हा ती बायकोची जागा. मी पूजाअर्चा फारशी करत नाही. पण त्या क्षणी मी पुढे झाले आणि म्हणाले, "द्या, मी करते."

"करा की," ती म्हणाली. "घरच्या लक्षुमीच्या हातानं झालेलं बरंच." आणि बाजूला झाली.

मी सगळं रीतसर करायचं ठरवलं. इंजिनाच्या एका अंगाला ओळीने चार भोकं होती, आणि प्रत्येकात काळ्या मळक्या चिंधीचा बोळा कोंबलेला. त्या स्वच्छ गॅरेजमधली तेवढीच घाण गोष्ट. तुम्हाला फोटो पाठवायचा होता. चांदीसारख्या इंजिनावर हळदकुंकू, आणि मध्येच हे चार बोळे? ती नारळाची शेंडी काढत होती, आजोबांनी डोळे मिटले होते. मी चारही बोळे उपसून बाजूला ठेवले, कुंकू लावलं, आणि तीन वेळा चिमूटभर अक्षता वाहिल्या. सोबत आलेल्या नणंदेने माझ्या फोनवर फोटो काढला. मग मी बोळे परत घातले, आपला पसारा आपण आवरावा म्हणून. हात पुसले. मी फार समाधानी होते. तिला बाजूला व्हावं लागलं होतं.

दुपारी नणंदेकडे जेवणं झाली. तोवर तिकडे इंजिन गाडीत उतरत होतं. संध्याकाळी पाच वाजता चालू करायचं ठरलं होतं. आजोबा परिवहन कार्यालयात शिक्का आणायला गेले. मी तुम्हाला पाठवायला फोटो उघडला. चेहरे नीट आले आहेत का ते पाहायला बोटांनी मोठा केला. चेहरे बरे होते. मग खाली पाहिलं. चार काळी भोकं उघडी, आणि त्यांच्या काठावर हळदीने पिवळे झालेले तांदळाचे दाणे. एक दाणा अर्धा आत.

बोळे तिथे घाण म्हणून नव्हते. इंजिनात काही पडू नये म्हणून होते.

आता मी जे लिहिणार आहे त्यासाठीच हे सगळं लिहिलं. मी फोन उचलला नाही. मी पाऊण तास नणंदेच्या झोपाळ्यावर बसून राहिले आणि विचार केला. पाच वाजता इंजिन चालू होईल. आत काहीतरी मोडेल. सगळे तिच्याकडे बघतील, कारण तिनेच ते जोडलं. मग घरात "ती म्हणते" ऐकू येणार नाही. मी इतकं स्पष्ट पाहिलं की मला तिचा पडलेला चेहरासुद्धा दिसला, आणि त्याने बरं वाटलं. एकदाही डोक्यात आलं नाही की इंजिन मोडलं तर आजोबांचा घाट गेला. त्यांच्या डोळ्यांकडे दुसऱ्या इंजिनाची वाट पाहण्याइतके दिवस नव्हते. हे मला पाऊण तासाने सुचलं. सुचल्यावर मी चप्पल घातली आणि रिक्षा केली.

ती गाडीवर वाकली होती. इंजिन आत बसलं होतं, आणि त्या चार भोकांवर हवेची नळकांडी, जिला ते मॅनिफोल्ड म्हणतात, तीही लावून झाली होती. मी काही न बोलता फोन पुढे केला. तिच्या बोटांना तेल होतं म्हणून तिने करंगळीने फोटो मोठा केला.

"बोळं काढलं व्हय तुमी?"

"हो."

"आन परत घातलं?"

"फोटो काढल्यावर."

"तरीच," ती म्हणाली. "काढताना वाटलं मला, बोळं आज येगळं कसं बसल्यात. तवाच आत बगायला पायजे हुतं. माजीबी चूक हाय." मग म्हणाली, "किती टाकल्या?"

"तीन वेळा. चिमूटभर."

"आवं, लगीन लावलं का काय इंजिनाचं!"

मला रडू आलं. ती हसत नव्हती, पण रागावलीही नव्हती. "क्रँक, म्हंजी इंजिनाचा दांडा, फिरवला न्हाई आजून," ती म्हणाली. "देवाची किरपा. एखादा दाणा जळूनबी जातो. पण वाल्वच्या, हवेच्या झडपेच्या, बुडाखाली अडकला तर वाल्व बसत न्हाई, वाकतो. मग बोंबला." आणि लगेच पाना उचलला.

तिने मॅनिफोल्ड परत काढलं. बारीक नळी लावलेल्या व्हॅक्यूमने एकेका भोकातून दाणे ओढले. ती ते माझ्या रुमालात टाकायची आणि मी मोजायचे. दहा झाले. मग प्लगच्या भोकातून तिने वायरीएवढा कॅमेरा आत सोडला आणि मोबाइलच्या पडद्यावर मला दाखवलं. तीन नंबरच्या पिस्टनवर, चकचकीत धातूवर, एक पिवळा दाणा शांत पडला होता. तो काढायला अर्धा तास लागला. त्या अर्ध्या तासात मी तिच्या हातांकडे पाहत होते. इतकी सावध, न थरथरणारी बोटं मी कुणाची पाहिली नाहीत. अकरा दाणे. मी पुन्हा फोटो पाहिला, तिने पुन्हा चारही भोकांत कॅमेरा फिरवला. आत काही नव्हतं.

"हे मला त्यांना सांगायला हवं," मी म्हणाले.

"ते तुमचं तुमी बगा," ती म्हणाली. "माजं काम इंजिनाशी."

ती मॅनिफोल्ड परत बसवत होती तेवढ्यात आजोबा आले, ठरल्यापेक्षा तासभर आधी. शिक्का मिळाला होता, खूश होते. गाडीकडे पाहून थबकले.

"हे काय? दुपारी जोडलं हुतं ना? परत का काढलं?"

मी तोंड उघडलं. खरंच उघडलं. तिने माझ्याकडे एकदा पाहिलं, वाट पाहिली, आणि मी काहीच बोलत नाही असं पाहून म्हणाली, "पॅकिंग नीट बसलं न्हवतं अण्णा. बदलते."

"अगं, पैल्यांदाच बगायचं न्हाई व्हय? एवढी नावाजलेली मिस्त्रीण, आन साधं पॅकिंग चुकतंय?"

तिने मान खाली घातली आणि नट आवळत राहिली. माझ्या रुमालात अकरा दाणे होते. मी रुमाल मिटला.

पाचऐवजी सात वाजले. इंजिन पहिल्याच किल्लीला लागलं. तिने स्क्रू-ड्रायव्हर चारही ठिकाणी टेकवून ऐकलं, आणि मग मूठ माझ्याकडे केली.

"काकी, तुमी ऐका."

बाईसाहेबची काकी झाले होते. मी म्हणाले, "मी कशाला?"

"आवं, तुमचा कान लय तयार हाय. अण्णांनी पैल्या दिवशीच सांगितलंय मला. म्हणं, सा म्हैनं मंडळी सांगत हुती आन मी खिडकी म्हणत बसलो. बाईचा कान न्हाई, यंत्र हाय."

मी आजोबांकडे पाहिलं. ते टर्बोची नळी तपासत होते. मी मूठ कानाला लावली. आत एकसारखी, दाट, सुरेल घरघर होती, कुठेही काही सैल नाही. मी मान हलवली. पण तुम्हाला खरं सांगते, मला त्या घरघरीपेक्षा तिचे शब्द जास्त ऐकू येत होते. त्यांना माझं पटलं होतं. ते त्यांनी कबूल केलं होतं. मात्र ते तिला सांगितलं, मला नाही. तिने नुकतीच माझी लाज राखली होती, आणि त्याच घटकेला मी तिचा पूर्वीपेक्षा जास्त मत्सर करत होते.

नवं जोडलेलं इंजिन पहिले हजार किलोमीटर सावकाश चालवायचं असतं, म्हणजे आतले भाग एकमेकांना सरावतात. आम्ही मेढ्याला, कऱ्हाडला, उगाचच फेऱ्या मारल्या. मी वहीत नवं पान घातलं आणि काटा ठरावीक आकड्याच्या वर गेला की त्यांच्या गुडघ्यावर टिचकी मारत होते. हजार झाल्यावर तिने तेल बदललं, काळं तेल बोटांत चोळून पाहिलं आणि म्हणाली, "जावा आता."

आम्ही गेलो. पाटण सोडल्यावर रस्ता नदीच्या कडेने वळणं घेत वर जातो. आजोबांनी बाजूचं दिसावं म्हणून मान जास्त वळवायची सवय लावून घेतली होती, डावीकडचं मी सांगत होते, "सायकल," "म्हैस," "दगड." कोयनानगरला माझं जुनं घर बाहेरून पाहिलं. तिथे आता दुसऱ्या कुणाचे कपडे वाळत होते. मग कुंभार्लीच्या दिशेने चढ लागला, आणि त्यांनी तिसरा गिअर टाकून पाय दाबला. पाठ सीटला चिकटली. त्यांचा चेहरा मी पाहिला. तो मी तुम्हाला लिहून दाखवू शकत नाही.

अर्ध्या चढावर त्यांनी पाय हलका केला, मान माझ्याकडे वळवली आणि विचारलं, "कसा हाय गं आवाज?"

चाळीस वर्षांत पहिल्यांदा त्यांनी मला आवाजाबद्दल विचारलं, आणि तेही त्यांच्या स्वतःच्या भाषेत. मी ती सुधारली नाही. म्हटलं, "चांगला हाय."

अक्षतांचं तेव्हा सांगता आलं असतं. घाटमाथ्यावर चहा पीत आम्ही तासभर बसलो होतो. मी सांगितलं नाही, कारण तो दिवस मला एकटीला हवा होता. नंतर तीन वर्षं कुणीही आलं की आजोबा इंजिनाची गोष्ट सांगायचे आणि शेवटी म्हणायचे, "मिस्त्रीण हुशार, पण पॅकिंग मात्र चुकली!" सगळे हसायचे. तिचं नाव थोडं खाली आलं की मला थोडं बरं वाटायचं. त्यांच्या दोन मित्रांनी तेवढं ऐकून आपल्या गाड्या तिच्याऐवजी कोल्हापूरला नेल्या. हे मला कळलं होतं. तरी मी गप्प होते. मग रविवारी तुम्ही म्हणालात, तिच्याकडे नको. माझा खोटेपणा आता तुमच्या तोंडी आला होता. तिथे मला थांबावंसं वाटलं.

आजोबांना आता वाचता येत नाही. पेपर मी वाचून दाखवते, तुमचे निरोपही. काल दुपारी हे इथवरचं त्यांना वाचून दाखवलं. झोपाळ्याचा भागही वाचला.  ते म्हणाले, "म्हणजे मी त्या पोरीला उगाच बोललो. आणि सगळ्यांना उगाच सांगितलं." मग, "फोन लाव."

मी लावला आणि त्यांच्या हातात दिला.

"पोरी, तांदळाचं कळलं मला आज."

ती इतकी मोठ्याने बोलते की मला पलीकडूनही ऐकू आलं. "आज? आवं अण्णा, मला वाटलं काकींनी त्याच सांजेला सांगितलं आसंल! मी म्हणलं, तरी अण्णा चारचौघांत पॅकिंग पॅकिंग का करत्यात?"

ते तिची माफी मागत होते आणि ती "ऱ्हाऊ द्या हो" म्हणत होती. मग दोघं गाडीबद्दल बोलू लागले, अर्धा तास, हाय न् न्हाई न् लय भारी. फोन ठेवल्यावर त्यांनी त्या दोन्ही मित्रांना फोन लावायला सांगितले आणि खरं काय ते सांगितलं. माझं नाव घेऊन. मी शेजारी बसून ऐकलं. माझ्याशी ते संध्याकाळपर्यंत बोलले नाहीत. दिवेलागणीला म्हणाले, "गोळी घेतलीस?"

तेव्हा दादा, गाडी पुण्याला दाखवू नकोस. सांगलीला ने आणि तिला मिस्त्रीणबाई नाही, मावशी म्हण. फोटो या पत्रासोबत पाठवते आहे. बोटांनी मोठा करून पाहा.

जुनं इंजिन मागच्या पडवीत लाकडी ठोकळ्यांवर आहे. अकरा दाणे औषधाच्या रिकाम्या बाटलीत, वहीशेजारी आहेत. गाडी दर रविवारी मी बाहेर काढते, कारण किल्ली माझ्याकडे आहे. आजोबा शेजारी बसतात आणि आवाज विचारतात. सांगलीहून फोन आला की अजूनही मी हातातलं काम थांबवून त्यांचं हसणं ऐकत राहते. तो मत्सर राहिला आहे. इंजिनही राहिलं आहे, आणि ते उत्तम चालतं.